मुलांचा लॅब रिपोर्ट कसा समजून घ्यावा? (शिक्षक व पालकांसाठी)



शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं की पुढचे चार-आठ दिवस पालकांचे फोन सुरू होतात. "बाई, रक्त कमी आहे म्हणतात, आता काय करायचं?" कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, "जरा बघा ना." आपण काही डॉक्टर नाही. पण गावात किंवा वस्तीवर लिहिता-वाचता येणारा विश्वासाचा माणूस म्हणून लोक आधी शिक्षकाकडेच येतात. अशा वेळी "मला त्यातलं कळत नाही" म्हणून आपण हात झटकू शकत नाही. "काही नाही होत, पालक खाऊ घाला" असं म्हणून मोकळंही होता येत नाही.

म्हणून हा पाठ. उपचार सांगणं हा याचा हेतू नाही. रिपोर्टवरचा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि डॉक्टरांकडे किती लवकर जायला हवं, एवढं आपल्याला कळलं तरी एखाद्या मुलाचे कितीतरी दिवस वाचतात.

एक वाक्य सुरुवातीलाच पक्कं करूया : रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. रिपोर्ट म्हणजे डॉक्टरांनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. प्रश्न माहीत नसताना नुसतं उत्तर वाचलं, तर अर्थाचा अनर्थ होतो.

१) रिपोर्ट हातात आल्यावर आधी काय बघायचं?

बहुतेक जण थेट ठळक अक्षरातला आकडा बघतात. तसं न करता वरून खाली, पुढच्या क्रमाने वाचावं.

* नाव, वय, लिंग : मुलाचं वय बरोबर लिहिलंय का? ८ वर्षांऐवजी १८ पडलं असेल, तर पुढची सगळी तुलना चुकते. एकाच घरातल्या दोन भावंडांचे रिपोर्ट अदलाबदल झालेले नाहीत ना, हेही बघावं.
* तारीख आणि वेळ : सहा महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवरून आजचं औषध ठरत नाही. तापाच्या तपासण्यांत तर तापाचा कितवा दिवस आहे, यावरच अर्थ अवलंबून असतो.
* नमुना कोणता : बोट टोचून घेतलेला थेंब की शिरेतून घेतलेलं रक्त? उपाशीपोटी की जेवणानंतर?
* एकक : गणितात आपण मुलांना सांगतो ना, एकक नाही लिहिलं तर गुण नाही! इथेही तसंच. आपल्याकडे हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये देतात, म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात किती ग्रॅम. काही देशांत ते प्रति लिटर देतात, म्हणून आपलं ११.५ तिकडे ११५ होतं. प्लेटलेट एका लॅबमध्ये २,४०,००० दिसतात, दुसरीकडे २.४ लाख आणि तिसरीकडे २४०. तिन्ही एकच आहेत.
* शेजारचा "नॉर्मल" स्तंभ : ही मर्यादा कोणाची आहे? मोठ्यांची की मुलांची? सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो, म्हणून तो पुढच्या मुद्द्यात सविस्तर बघू.

२) "नॉर्मल" म्हणजे नेमकं काय?

समजा, आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलांची उंची मोजली. बहुतेक मुलं मधल्या टप्प्यात येतील. एक-दोन फार उंच, एक-दोन बुटकी. ती टोकाची मुलं आजारी असतात का? नाही. लॅबची मर्यादा साधारण अशीच ठरवतात. निरोगी माणसांची तपासणी करून मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, त्याला "संदर्भ मर्यादा" म्हणतात. याचा अर्थ असा की निरोगी असलेल्या १०० पैकी ५ जण त्या पट्ट्याच्या बाहेर असणारच.

आता थोडं गणित करू. एका तपासणीत निरोगी माणूस पट्ट्यात येण्याची शक्यता ०.९५. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या पट्ट्यात येण्याची शक्यता ०.९५ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ०.३६. उरलेल्या ६४ टक्के वेळा निदान एक तरी आकडा ठळक होणार, माणूस ठणठणीत असला तरी! "फुल बॉडी चेकअप"च्या जाहिराती बघून कारण नसताना मुलांच्या पन्नास-साठ तपासण्या करणाऱ्या पालकांनी हे गणित एकदा स्वतः करून बघावं.

दुसरा मुद्दा वयाचा. काही लॅबच्या संगणकात मोठ्या माणसांचीच मर्यादा भरलेली असते. आठ वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन १२.१ आलं आणि शेजारी पुरुषांची १३ ते १७ ही मर्यादा छापली, तर त्यापुढे "कमी" अशी खूण येते. घरात काळजी सुरू. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ११.५ पेक्षा कमी असेल तरच रक्तक्षय. म्हणजे या मुलाला रक्तक्षय नाही.

अल्कलाइन फॉस्फटेज नावाची तपासणी असते, तिचंही असंच. मोठ्यांमध्ये तो आकडा वाढला की यकृत किंवा हाडांच्या आजाराची शंका घेतात. वाढत्या मुलांची हाडं वाढत असल्यामुळे तो मुळातच जास्त असतो.

३) सीबीसी : सगळ्यात जास्त होणारी तपासणी

जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळीत जे रक्त घेतात, ते बहुधा सीबीसीसाठी. त्या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं, म्हणून रक्त घेतल्यावर नळी हळूच उलटसुलट करतात. सीबीसीमध्ये रक्तातल्या तीन प्रकारच्या पेशींची मोजदाद होते.

* तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन : शरीरभर प्राणवायू पोचवण्याचं काम.
* पांढऱ्या पेशी : रोगजंतूंशी लढणाऱ्या. मोठ्यांमध्ये साधारण ४,००० ते ११,०००. लहान मुलांमध्ये हा आकडा थोडा जास्तच असतो. नुसत्या वाढलेल्या पांढऱ्या पेशींवरून कोणता आजार हे कळत नाही.
* प्लेटलेट : रक्तस्राव थांबवणाऱ्या. साधारण दीड ते साडेचार लाख.

शाळेच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ६ महिने ते ५ वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हीच मुलं पुढे आपल्या पहिलीत येऊन बसतात. तेव्हा "लक्ष देत नाही", "आळशी आहे", "खेळात पुढे येत नाही" असा शेरा मारण्याआधी त्या मुलाची जीभ, नखं, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकी तर नाही ना, हे बघायला हवं.

शालेय वयासाठी निकष असे आहेत :

५ ते ११ वर्षे : ११.५ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय
१२ ते १४ वर्षे : १२ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय
दोन्ही गटांत ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय
दोन्ही गटांत ८ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय, अशा मुलाला लगेच रुग्णालयात न्यायला हवं

एक सूचना. बोट टोचून केलेल्या तपासणीत बोट जोरात पिळलं तर रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा बदलू शकतो. म्हणून शिबिरातला आकडा संशयास्पद वाटला तर डॉक्टर शिरेतल्या रक्ताची सीबीसी करायला सांगतात. ती टाळू नये.

४) एक नमुना रिपोर्ट वाचून बघूया

समजा, चौथीतल्या नऊ वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट असा आहे (आकडे सरावासाठी घेतले आहेत) :

हिमोग्लोबिन : ९.४
तांबड्या पेशी : ४.३ (दशलक्ष)
एमसीव्ही : ७०
आरडीडब्ल्यू : १७.५
पांढऱ्या पेशी : ८,२००
प्लेटलेट : ४,१०,०००

पहिली पायरी : ९.४ हे ११.५ पेक्षा कमी, आणि ८ ते १०.९ च्या मध्ये. म्हणजे मध्यम रक्तक्षय.

दुसरी पायरी : कारण काय असेल? इथे एमसीव्ही उपयोगी पडतो. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. या वयात ते साधारण ७७ ते ९५ असतं. इथे ७०, म्हणजे पेशी लहान आहेत. लोह कमी असलं की पेशी लहान आणि फिक्या तयार होतात. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी असेल तर उलट होतं, पेशी मोठ्या होतात.

तिसरी पायरी : आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातला फरक. तो साधारण साडेचौदाच्या आत असतो. इथे जास्त आहे, म्हणजे काही पेशी लहान, काही बऱ्या. हेही लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतं.

चौथी पायरी : लहान पेशी फक्त लोह कमी असल्यामुळेच होतात असं नाही. थॅलेसेमियाच्या वाहकातही पेशी लहान असतात, पण त्यांची संख्या मात्र भरपूर असते. म्हणून डॉक्टर एक सोपा भागाकार करतात : एमसीव्ही भागिले तांबड्या पेशी. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाची शंका, जास्त आलं तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता अधिक. इथे ७० ÷ ४.३ = १६.३. हा फक्त अंदाज आहे, खात्रीसाठी पुढच्या तपासण्या असतात. पण बघा, चौथीच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये भागाकार दडलेला आहे!

आता या मुलीचं पुढे काय? शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (प्राथमिकला गुलाबी, वरच्या वर्गांना निळी) ही रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. ज्या मुलीला मध्यम रक्तक्षय झालेलाच आहे, तिला तेवढी पुरत नाही. तिला वजनानुसार रोजचं औषध लागतं आणि ते डॉक्टर ठरवतात. "शाळेत गोळी चालू आहे ना" म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि मुलीचे महिने वाया जातात. आपण इथेच त्यांना सावध करू शकतो.

औषध सुरू झाल्यावर साधारण महिन्याभराने पुन्हा हिमोग्लोबिन तपासायचं. निदान १ ग्रॅमने तरी वाढ अपेक्षित असते. वाढ नसेल तर औषध खरंच घेतलं जातंय का, पोटात जंत आहेत का, की कारणच वेगळं आहे, हे डॉक्टर बघतात. पालकांना एक आधीच सांगून ठेवावं : लोहाच्या औषधाने शौचाचा रंग काळा होतो. त्याला घाबरून कितीतरी घरांत औषध बंद केलं जातं.

आहाराचं म्हणाल तर पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, बाजरी, अळीव, आणि खात असतील त्यांच्याकडे मटण-कलेजी. वरणावर, उसळीवर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. चहाने मात्र उलट होतं. आपल्याकडे कितीतरी मुलं सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येतात. जेवणासोबतचा आणि गोळीसोबतचा चहा बंद करणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

५) सिकलसेल : चाळणी आणि खात्री यातला फरक

विदर्भातले जिल्हे, नंदुरबार आणि इतर आदिवासी भागांतल्या शिक्षकांना ही तपासणी ओळखीची आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी तपासणी ही चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. मूल वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची तपासणी लागते. तिचं उत्तर तीन प्रकारे येतं :

* एए – सामान्य
* एएस – वाहक. हे मूल आजारी नाही. सहसा काही त्रास नसतो.
* एसएस – रुग्ण. याला नियमित उपचार हवेत.

हा फरक न समजल्यामुळे वाहक मुलांनासुद्धा "सिकलवाला" म्हणून बाजूला बसवल्याचे प्रकार होतात. मुलींच्या बाबतीत तर हे लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. वर्गात कुणी असं बोललं तर आपण तिथल्या तिथे थांबवायला हवं. हा आजार संसर्गाने पसरत नाही, तो आईवडिलांकडून येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, सामान्य असण्याची २५ टक्के. "पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होणार" हा समज चुकीचा आहे. नाणं दर वेळी नव्याने उडवलं जातं.

एसएस असलेल्या मुलासाठी शाळेत काय करायचं? पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्या. पाणी जास्त प्यायल्यावर लघवीलाही जावं लागतं, तेव्हा अडवू नका. थंडीत स्वेटर गणवेशात बसत नाही म्हणून काढायला लावू नका. पी.टी.ला दमेपर्यंत पळवू नका. आणि ताप आला, छातीत दुखलं, दम लागला किंवा अंग अचानक फिकं पडलं तर घरच्यांना लगेच बोलवा. शाळा सुटेपर्यंत थांबायचं नाही.

चाळणी तपासणीचं एक उदाहरण सातवी-आठवीच्या वर्गातही घेता येईल. समजा १,००० मुलांत एखादा आजार १० जणांना आहे. तपासणी १० पैकी ९ आजारी मुलं बरोबर पकडते आणि निरोगी मुलांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. निरोगी ९९०, त्यांचे ५ टक्के म्हणजे सुमारे ५०. एकूण पॉझिटिव्ह ५९, त्यातले खरे आजारी फक्त ९! म्हणून शिबिरातल्या यादीत नाव आलं की "आजारी" म्हणायचं नाही, "पुढची तपासणी हवी" असं म्हणायचं. आणि पुढच्या तपासणीला पाठवायचंच, कारण त्या ५९ मध्ये ते ९ जण आहेत.

६) रक्तातली साखर : इथे वाट बघायची नाही

"लहान मुलांना कुठे डायबेटिस होतो?" असं अजूनही लोक म्हणतात. होतो. टाइप-१ मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवणं जवळजवळ थांबवतं. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही, त्यात आईवडिलांची चूक नसते.

याची पहिली चिन्हं डॉक्टरांआधी शिक्षकाला दिसू शकतात : मूल सारखं पाणी पितं, तासाला दोन-दोनदा लघवीची परवानगी मागतं, भूक असूनही आठवड्यांत वाळतं, दमतं. बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. अशा मुलाची साखर त्याच दिवशी तपासायला सांगा. बोटाच्या थेंबावर प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन मिनिटांत होते. उशीर झाला तर उलट्या, पोटदुखी, जोरजोराने श्वास आणि बेशुद्धी, इथपर्यंत गोष्ट जाते. अनेकदा ती नुसती पोटदुखी समजली जाते.

आकडे असे वाचतात (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) :

उपाशीपोटी १०० पेक्षा कमी : सामान्य
उपाशीपोटी १२६ किंवा जास्त : मधुमेहाच्या कक्षेत
लक्षणं असताना केव्हाही २०० किंवा जास्त : मधुमेह, लगेच रुग्णालय

उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास काही न खाता, पाणी चालतं. पण लक्षणं असलेल्या मुलाला "उद्या सकाळी उपाशीपोटी आणा" म्हणून थांबवू नये, आहे त्या वेळी तपासावं.

एचबीए१सी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्यावर साखर चिकटत राहते. म्हणूनच सिकलसेलसारख्या आजारात, जिथे पेशी लवकर मरतात, तिथे हा आकडा फसवा ठरू शकतो. एक तपासणी दुसऱ्या आजारामुळे चुकू शकते, याचं हे चांगलं उदाहरण.

७) तापातल्या तपासण्या : दिवस मोजा

पावसाळ्यात "मलेरिया, डेंगी, टायफॉईड, सगळं करून टाका" असं पालक स्वतःच लॅबमध्ये जाऊन सांगतात. यात दोन अडचणी आहेत.

डेंगी : एनएस-१ ही विषाणूच्या अंशाची तपासणी, तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी. आयजीएम ही शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची, ती साधारण पाचव्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली आणि निगेटिव्ह आली, तर त्यातून डेंगी नाही असं ठरत नाही. दुसरं म्हणजे, डेंगीत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, नाकातून-हिरड्यांतून रक्त, मूल सुस्त पडणं यापैकी काही दिसलं तर प्लेटलेट कितीही असोत, रुग्णालय गाठायचं. कधीकधी नळीत प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. म्हणून डॉक्टर काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनीही खात्री करून घेतात.

टायफॉईड : विडाल ही तपासणी १८९६ सालापासूनची. ती जंतू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते. पूर्वी कधी टायफॉईड झाला असेल किंवा इतर काही संसर्ग असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि खरा टायफॉईड असूनही पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह राहू शकते. नुसत्या एका विडालवर "टायफॉईड झालाय" म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स घेणं धोक्याचं आहे. जास्त भरवशाची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. त्याला काही दिवस लागतात आणि ते शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायचं असतं. मेडिकलमधून गोळ्या आणून चार दिवस दिल्या की कल्चरमध्ये जंतू सापडणं कठीण होतं. "आधी औषध, मग तपासणी" हा उलटा क्रम इथे नडतो.

मलेरिया : काचपट्टीवरच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी प्रत्यक्ष दिसतो. एकदा निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला, तर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात.

८) लघवीची तपासणी

साधी, स्वस्त आणि खूप काही सांगणारी. साखर, प्रथिनं, रक्त, पू-पेशी यातून कळतात. पण नमुना नीट घेतला तरच! आधी जागा पाण्याने धुवायची, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यायची आणि मधली लॅबने दिलेल्या स्वच्छ डबीत घ्यायची. घरातली सॉसची किंवा औषधाची बाटली चालत नाही. तासन् तास उन्हात ठेवलेला नमुनाही नाही. चेहरा आणि डोळ्यांभोवती सूज असलेलं मूल वर्गात दिसलं, किंवा लघवी चहासारखी लाल होतेय असं कळलं, तर ही तपासणी लवकर करायला सांगावी.

९) मुलाला तपासणीसाठी तयार करताना

"अजिबात दुखणार नाही" असं खोटं सांगू नका. "मुंगी चावल्यासारखं टोचेल, दहा मोजेपर्यंत संपेल" असं सांगा आणि खरंच दहा मोजा. "दंगा केलास तर सुई देईन" ही धमकी घरात आणि शाळेत दोन्हीकडे बंद व्हायला हवी. सुईला घाबरलेलं मूल गरज असतानाही तपासणीला तयार होत नाही.

१०) शाळेत आपण काय करू शकतो?

* मुलाचा रिपोर्ट ही त्याची खाजगी गोष्ट आहे. हिमोग्लोबिनची यादी फळ्यावर लिहू नका, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. पालकांना वेगळं बोलवून सांगा.
* ज्या मुलाला पुढच्या तपासणीला पाठवलंय, त्याचं नाव एका वहीत ठेवा. पंधरा दिवसांनी विचारा, "गेला होतात का?" चिठ्ठी दप्तरात तशीच राहिलेली असते, हे आपल्याला माहीत आहे. आशाताई किंवा नर्सताईंना सांगितलं तर त्या घरी जाऊन पाठपुरावा करतात.
* जंतनाशक गोळीच्या दिवशी आणि लोहाच्या गोळीच्या वारी गैरहजर राहिलेल्या मुलांना नंतर आठवणीने गोळी द्या. लोहाची गोळी रिकाम्या पोटी नको, आहार झाल्यावर.
* पालकांना सांगा, जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा आकडा वाढतोय की घटतोय हे जास्त उपयोगी पडतं.
* डॉक्टरांकडे जाताना चार ओळी लिहून द्या : त्रास कधीपासून, वर्गात काय दिसतं, कोणतं औषध चालू आहे, घरात कुणाला असा आजार आहे का. शिक्षकाचं रोजचं निरीक्षण कोणत्याही मशीनमध्ये छापून येत नाही.

पाठाचा सारांश

१. वय, तारीख, नमुना, एकक आणि मर्यादा बघितल्याशिवाय आकड्यावर बोलायचं नाही.
२. पट्ट्याबाहेरचा प्रत्येक आकडा आजार नसतो, आणि पट्ट्यातला आकडा आजारी मुलाला बरं ठरवत नाही.
३. चाळणीत सापडलेल्या मुलाला नाव ठेवायचं नाही, पण खात्रीच्या तपासणीशिवाय सोडायचंही नाही.
४. तीव्र रक्तक्षय, साखरेची लक्षणं, डेंगीतली धोक्याची चिन्हं, सिकलसेल रुग्णाचा ताप : या चार ठिकाणी त्याच दिवशी डॉक्टर.

पुढच्या पालक सभेत यातला फक्त चौथा मुद्दा, नमुना रिपोर्ट, फळ्यावर लिहून घ्या. आकडे पालकांनाच वाचू द्या. माझा अनुभव असा की ज्या आया "आम्हाला काय कळतंय" म्हणून मागे बसतात, त्याच शेवटी पुढे येऊन विचारतात, "मग बाई, आमच्या पोरीचं किती आहे ते कुठं बघायचं?" हा प्रश्न ज्या दिवशी आला, त्या दिवशी पाठ पोचला असं समजा.

आपल्या शाळेत हा पाठ घेतलात तर काय अडलं, पालकांनी काय विचारलं ते नक्की कळवा.